अर्जातली जखम

परदेशात राज्यशास्त्राचे एम.ए. करायचे ठरले की बरीच कागदपत्रे गोळा करावी लागतात. गुणपत्रिका, इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल, शिक्षकांची शिफारसपत्रे, एखाद्या लेखनाचा नमुना. ही सगळी धावपळीची कामे, पण ती होऊन जातात. मूल अडते ते एका पानापाशी. त्याला 'स्टेटमेंट ऑफ पर्पज' म्हणतात. तुम्ही कोण, हाच विषय का घेता, शिकून पुढे काय करणार, हे पाचशे ते हजार शब्दांत लिहायचे असते. आपल्या बोलीत सांगायचे तर ते नीयत सांगण्याचे पान आहे. कामाची किंमत नीयत पाहून ठरते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ती नीयत अनोळखी माणसांपुढे, परक्या भाषेत कशी मांडायची, हा प्रश्न दिसतो तेवढा कागदी नाही.

आमच्या ओळखीची मुले-मुली अशी पाने आम्हांला वाचायला देतात. त्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. मुलाच्या पानाची सुरुवात दंगलीने होते, किंवा नाव ऐकताच नाकारलेल्या भाड्याच्या घराने. मुलीच्या पानाची सुरुवात घरच्या बंधनांनी. तिकडच्यांना कहाणी लागते, असे कोणीतरी त्यांच्या मनावर बिंबवलेले असते. सल्ला विकणारे हेच सांगतात आणि आता तर यंत्रही मागाल तशी कहाणी लिहून देते. पुष्कळ वेळा कहाणी खरी असते, म्हणूनच प्रश्न अवघड होतो. खोट्याला नाही म्हणणे सोपे आहे. पण सगळ्या समाजाच्या वाट्याला आलेले दुःख एकाच्या प्रवेशासाठी खर्च करावे काय?

मुलांची बाजू आधी ऐकली पाहिजे. ती म्हणतात, सुखवस्तू घरातला मुलगा वक्तृत्वाची बक्षिसे मांडतो, दिल्लीत केलेली इंटर्नशिप मांडतो. आमच्याकडे मांडायला दुसरे काय आहे? जे भोगले तेही सांगायचे नाही, तर कोरे पान पाठवायचे काय? या बोलण्यात तथ्य आहे. शिवाय वाटा अरुंद होत गेल्या आहेत. केंद्र सरकारची 'पढो परदेश' योजना 2013-14 मध्ये सुरू झाली. वर्षाला सहा लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या अल्पसंख्याक घरांतल्या मुलांनी परदेशी शिक्षणासाठी कर्ज काढले, तर शिक्षण चालू असतानाचे व्याज सरकार भरत असे. ती योजना 2022-23 पासून बंद झाली. हक्काने मिळणारे थांबले की परक्याच्या मनाला पाझर फोडण्याची गरज वाढते. मुले कहाणीकडे वळतात त्यात त्यांच्या स्वभावाचा दोष कमी आणि परिस्थितीचा रेटा जास्त.

तरीही एक गोष्ट आम्हांला खटकते. त्या पानावर बहुतेक वेळा कोणाची तरी अम्मी असते. ती 'निरक्षर' असते, 'दबलेली' असते, अंधारात असते. जिने दागिने गहाण ठेवून फी भरली, जिने शेजारणींचे टोमणे ऐकून मुलीला वसतिगृहात पाठवले, ती या पानात नुसती मागासलेपणाचा पुरावा म्हणून उभी असते. इंग्रजी येत नसल्याने तिला हे कधी कळत नाही. आम्ही मुलांना एवढेच विचारतो, हे पान घरी बसून मराठीत वाचून दाखवशील काय? ज्याला हो म्हणता येते त्याने खुशाल पाठवावे. ज्याची मान खाली जाते त्याने ते पुन्हा लिहावे. आपले दुःख सांगायचा हक्क आपला आहे. आईचे दुःख सांगायचे तर तिला विचारले पाहिजे.

या बाबतीत डॉ. आंबेडकरांचे उदाहरण आम्हांला फार मोलाचे वाटते. 1913 मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि तिथल्या राज्यशास्त्र विद्याशाखेत दाखल झाले. अपमानाच्या कहाण्या त्यांच्यापाशी कमी नव्हत्या. पण 9 मे 1916 रोजी मानववंशशास्त्राच्या वर्गात त्यांनी 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचला, तेव्हा आपल्यावर काय गुदरले हे त्यात सांगितले नाही. जात टिकते कशी, असा प्रश्न त्यांनी घातला आणि जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या नियमापाशी त्याचे उत्तर शोधले. जखम होतीच, पण तिचा त्यांनी प्रश्न केला. स्वतःचे अनुभव त्यांनी पुढे, 1935-36 च्या सुमारास, 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहिले. तेही परदेशी वाचक डोळ्यांसमोर ठेवूनच. पण तेव्हा त्यांना कोणाकडून जागा मिळवायची नव्हती. ती साक्ष होती.

त्या साक्षीत आपल्यासाठीही एक पान आहे आणि ते आपण टाळू नये. 1934 मध्ये आंबेडकर आणि त्यांचे सहकारी वेरूळला जाताना दौलताबादचा किल्ला पाहायला थांबले. रमजानचा महिना होता. प्रवासाची धूळ म्हणून त्यांनी तिथल्या हौदावर हातपाय धुतले, तर एक वृद्ध मुसलमान पाणी बाटवल्याचा आरडाओरडा करत धावून आला आणि जमाव गोळा झाला. शेवटी किल्ल्यात पाण्याला शिवू नये म्हणून त्यांच्याबरोबर एक हत्यारबंद शिपाई देण्यात आला. जो आपल्यावरचा अन्याय सांगतो, त्याने आपण केलेला अन्यायही सांगावा. साक्ष स्वतःच्या विरुद्ध गेली तरी खरी द्यावी, ही शिकवण आपल्याला नवी नाही.

आता नाकारलेल्या घराकडे पुन्हा पाहू. नुसती कहाणी सांगितली तर वाचणारा हळहळतो आणि पुढचा अर्ज उचलतो. पण 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीचा, सभासदत्व फक्त पारशांपुरते ठेवण्याचा नियम वैध ठरवला होता. मग संघटना करण्याचे स्वातंत्र्य कुठे संपते आणि नागरिकाचा समान हक्क कुठे सुरू होतो? लहान समाजाला एकत्र राहू देणारा हाच नियम मोठ्या समाजाच्या हाती गेला तर काय होते? आणि आपल्या मोहल्ल्यात आपण कोणाला खोली देतो, कोणाला देत नाही? हे विचारणारा मुलगा दयेचा विषय राहत नाही. तो राज्यशास्त्राचा विद्यार्थी झालेला असतो.

ज्यांच्यापाशी जखम नाही त्यांनी ती उसनी आणू नये. एखादी मुलगी सुखात वाढली, अब्बांनी आडकाठी केली नाही, तर ते लिहायला तिने लाजू नये. तिच्या प्रभागात राखीव जागेवर बाई निवडून आली, पण सभेत तिचा नवराच बोलतो, एवढे निरीक्षणही पुरेसे आहे. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांत स्त्रियांना पन्नास टक्के जागा 2011 पासून राखीव आहेत. आपल्यासारखी दिसणारी व्यक्ती सभेत बसणे वेगळे आणि आपल्यासाठी कोणी काम करणे वेगळे, हा भेद हॅना पिटकिन यांनी 1967 च्या 'द कन्सेप्ट ऑफ रिप्रेझेंटेशन' या ग्रंथात बारकाईने मांडला. तो भेद त्या मुलीने आपल्या गल्लीत पाहिला आहे. तेवढी शिदोरी एका अर्जाला पुरते.

कहाणी सांगणाऱ्या मुलाला प्रवेश मिळेल आणि प्रश्न विचारणाऱ्याला मिळणार नाही, असेही घडेल. ते आम्ही नाकारत नाही. पण ज्याने जखम विकून जागा मिळवली, त्याला ती पुढेही विकत राहावी लागते. वर्गात, परिषदेत, नोकरीत लोक त्याच्याकडून तेवढेच मागतात आणि ती भरून यावी असे त्याला स्वतःलाही हळूहळू वाटेनासे होते. आपल्याला अशी मुले हवीत, ज्यांना ती भरून यायला हवी आहे.