कायद्याच्या मनातला श्रोता

शब्दांवर बंधन घालणाऱ्या कोणत्याही खटल्यात बोलणारा समोर असतो, आरोपीच्या पिंजऱ्यात. दुसरा एक माणूस मात्र कोर्टात कधीच हजर नसतो. त्याची साक्ष होत नाही, उलटतपासणी होत नाही, तरी सगळा खटला त्याच्याच नावाने चालतो. तो म्हणजे ऐकणारा. ‘हे वाचून लोक भडकतील’ असे सरकार म्हणते तेव्हा या ‘लोकां’चे एक चित्र त्याने मनाशी ठरवलेले असते. ते चित्र कुठून आले आणि कोणी बदलायचा प्रयत्न केला हे पाहिल्याशिवाय आपल्याकडचा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा वाद समजत नाही, असे मला वाटते.

सुरुवात पुण्यातून करावी लागते. १५ जून १८९७ च्या ‘केसरी’त शिवाजी उत्सवाचा वृत्तान्त छापून आला. त्यात अफझलखानाच्या वधाविषयीचे एक भाषण होते आणि महाराजांच्या तोंडी घातलेली एक कविता. शहर प्लेगने आणि प्लेगच्या बंदोबस्ताने हैराण झालेले. आठवडाभरात, २२ जूनच्या रात्री, गणेशखिंडीत प्लेगचा बंदोबस्त पाहणाऱ्या रँड या अधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. ‘केसरी’चे संपादक टिळक यांच्यावर खटला भरला तो त्या खुनाचा नव्हे, लिहिण्याचा. मुंबई हायकोर्टात न्या. स्ट्रॅची यांनी ज्युरीला राजद्रोहाचा अर्थ इतका ताणून सांगितला, की सरकारविषयी मनात प्रीती नसणे हेही त्यात बसावे. दंगा व्हायला हवा असे नाही, उठावाची चिथावणीही लागत नाही. ज्युरीतल्या सहा युरोपियनांनी टिळकांना दोषी ठरवले, तिघा भारतीयांनी निर्दोष. शिक्षा झाली अठरा महिने सक्तमजुरीची.

या निकालामागे वाचकाचे जे चित्र होते ते उघड आहे: सकाळी लेख वाचणारा आणि रात्री पिस्तूल उचलणारा. मधे विचार करणारा, शंका घेणारा, लेख वाचून ‘हे काही पटले नाही’ असे म्हणणारा माणूस त्या चित्रात नव्हता.

पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, सरकारने राजद्रोहाचे कलम आणखी पक्के केले आणि त्याच कायद्याने दंडसंहितेत एक नवे कलम आणले. ते म्हणजे १५३अ, दोन गटांत तेढ निर्माण करण्याचा गुन्हा. १८९३ साली मुंबईत हिंदू-मुसलमानांचा मोठा दंगा झाला होता, त्यामुळे तेढ काल्पनिक होती असे कोणी म्हणणार नाही. पण या कलमाने सरकारला एक नवी जागा मिळाली. आधी सरकार आपल्यावरच्या टीकेला घाबरत होते. आता ते म्हणू लागले, की आम्हाला आमची नव्हे, तुमची काळजी आहे. तुम्हीच एकमेकांचे गळे धराल. राज्यकर्त्याच्या भीतीने लोकांच्या काळजीचे रूप घेतले. लोक जितके भडक डोक्याचे, तितकी वरून दाबून धरणाऱ्या हाताची गरज मोठी.

प्रत्यक्षात मराठी प्रेक्षक कसा होता हे खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’ने दाखवून दिले. १९०७ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकात इंग्रजांचे नावही नव्हते. कथा महाभारतातली, विराटाच्या दरबारातली. पण कीचकात लॉर्ड कर्झन, द्रौपदीत हिंदुस्थान, भीमात जहाल आणि युधिष्ठिरात मवाळ, हे थिएटरातल्या माणसाने कोणी न सांगता ओळखले. हा प्रेक्षक बुद्धू नव्हता आणि बेभानही नव्हता. रूपक उलगडायला डोके शांत लागते. १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. प्रेक्षकाला नाटक समजले, हीच त्या बंदीमागची खरी भीती होती.

१९२७ साली २९५अ हे कलम आले. लाहोरात प्रेषितांच्या चरित्रावर एक निंदात्मक पुस्तिका निघाली होती. प्रचलित कायद्यात हा गुन्हा बसत नाही म्हणून हायकोर्टाने प्रकाशकाला सोडले, पंजाबात संतापाची लाट उसळली आणि धर्मभावना जाणूनबुजून दुखावणे हा गुन्हा ठरवणारा नवा कायदा झाला. त्यावरच्या चर्चेत जीनांनी बजावले होते, की इतिहासाचा शोध घेणारे आणि धर्माची प्रामाणिक चिकित्सा करणारे यांना यातून संरक्षण मिळाले पाहिजे. कायदा तर झाला, पण त्याने प्रकाशकाचा जीव वाचला नाही. १९२९ मध्ये त्याचा खून झाला. कायदा केला की संताप निवतो ही समजूत तेव्हाच खोटी ठरली होती.

या सगळ्याला छेद देणारा विचार आला तो नागपुरातून. १९४६ साली भगवतीचरण शुक्ल यांच्या खटल्यात नागपूर हायकोर्टाचे न्या. व्हिव्हियन बोस यांनी प्रश्नच वेगळा मांडला. शब्दांचा परिणाम जोखायचा तर कोणाच्या मनावरचा? त्यांचे उत्तर असे, की समंजस, कणखर आणि धीराच्या माणसाच्या मनावरचा. दुबळ्या, डळमळीत मनाच्या किंवा प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या माणसाच्या नव्हे. सुमारे पन्नास वर्षे कायद्याने जो श्रोता गृहीत धरला होता, त्याच्या जागी बोसांनी एक नागरिक उभा केला, आणि तोही इंग्रजांचा अंमल चालू असताना.

स्वतंत्र भारताने हा नागरिक लगेच स्वीकारला असे मात्र झाले नाही. १९५० साली मद्रास सरकारने मुंबईच्या ‘क्रॉसरोड्स’ या डाव्या साप्ताहिकाला प्रवेशबंदी केली होती, तर दिल्लीच्या प्रशासनाने ‘ऑर्गनायझर’वर सेन्सॉरशिप लादली होती. सुप्रीम कोर्टाने दोन्ही हुकूम एकाच दिवशी रद्द केले. विचारांनी एकमेकांच्या कट्टर विरोधात असलेली ही दोन पत्रे एकाच न्यायाच्या आसऱ्याला उभी होती, हे आज मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहे. सुमारे वर्षभराने पहिली घटनादुरुस्ती झाली आणि निर्बंधांच्या यादीत सार्वजनिक सुव्यवस्था आली. फाळणीचे रक्त तेव्हा सुकले नव्हते. नेहरू आणि आंबेडकर यांची चिंता खोटी होती असे मी म्हणणार नाही. त्याच दुरुस्तीने निर्बंध ‘वाजवी’ असले पाहिजेत ही अटही घातली आणि न्यायालयांना पाय रोवायला जागा मिळाली.

बोसांचा कणखर माणूस पुन्हा दिसला तो १९८८ मध्ये, भीष्म साहनींच्या कादंबरीवरच्या ‘तमस’ मालिकेच्या वेळी. गोविंद निहलानींची ही मालिका सुरू होते ती नथू नावाच्या कातडी कमावणाऱ्या माणसापासून. रात्रभर झटून तो एक डुक्कर मारतो, कोणीतरी पैसे देऊन काम सांगितले म्हणून. सकाळी ते डुक्कर मशिदीच्या पायरीवर पडलेले असते आणि शहर पेटते. घराघरांत दूरदर्शनवर हे दाखवले तर दंगे होतील, म्हणून मालिका थांबवावी अशी मागणी कोर्टात गेली. मुंबई हायकोर्टाचे न्या. लेंटिन आणि न्या. सुजाता मनोहर यांनी मालिका स्वतः पाहिली आणि प्रक्षेपण होऊ दिले. सुप्रीम कोर्टाने बोसांच्याच कसोटीचा आधार घेत तो निर्णय उचलून धरला. आग कोण लावतो आणि जळतो कोण, हे दाखवणारी कलाकृती लोकांना शहाणे करते, हा विश्वास त्यामागे होता. पुढच्याच वर्षी राखीव जागांवरच्या एका तमिळ चित्रपटाच्या प्रकरणात सुप्रीम कोर्ट आणखी पुढे गेले. शब्द आणि धोका यांचे नाते दारूच्या कोठारातल्या ठिणगीइतके जवळचे असेल तरच बंदी. मोर्चे निघतील, तोडफोड होईल अशा धमक्यांपुढे राज्याने हात टेकणे म्हणजे कायद्याचे राज्य सोडून देणे.

या विचाराची एक दुखरी बाजूही आहे. १९९२-९३ च्या मुंबई दंगलींच्या काळातल्या ‘सामना’च्या अग्रलेखांवरून १५३अ खाली कारवाई व्हावी, अशी याचिका माजी मुख्य सचिव जे. बी. डिसूझा आणि अन्य एकाने केली होती. १९९४ मध्ये मुंबई हायकोर्टाने ती फेटाळली. त्या दिवसांत घरे सोडून पळालेल्यांना कणखर श्रोत्याची कसोटी काय दिलासा देणार? म्हणून मला वाटते, की बोसांच्या कसोटीबरोबर दुसरा प्रश्न विचारलाच पाहिजे: बोलणाऱ्यापाशी माणसे रस्त्यावर उतरवण्याची ताकद आहे का, आणि ज्यांच्याविषयी बोलले जाते त्यांच्या दारापाशी जमाव उभा आहे का? असे असेल तर ते मत उरत नाही, हल्ल्याचाच भाग होते. नेमके तिथे कायदा बिचकतो, आणि एकट्या-दुकट्यावर तुटून पडतो.

जानेवारी २००४ मध्ये जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकावरून पुण्याच्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला आणि जपून ठेवलेल्या पोथ्या, ग्रंथ यांची नासधूस झाली. पुस्तकातल्या मजकुराने लोक दुखावले होते, ते दुःख खरे होते. पण नासधुशीनंतर राज्य सरकारने बंदी घातली ती पुस्तकावर. सुप्रीम कोर्टात ती बंदी टिकत नाही हे ठरायला २०१० उजाडले. तोवर धडा सगळ्यांनी घेतला होता: मोडतोड केली की मागणी मान्य होते. इंग्रजांनी कल्पनेने रंगवलेला भडक माथ्याचा श्रोता अशा बक्षिसांनीच खरा होत गेला. संतापाला फळ मिळते म्हटल्यावर संताप वाढतो.

२०१२ साली बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदवर पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्या लाइक केल्या, आणि पोलिसांनी दोघींना अटक केली. त्यातूनच माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६अ हे कलम कोर्टात गेले आणि २०१५ मध्ये रद्द झाले. चर्चा करणे, बाजू मांडणे आणि चिथावणी देणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कायद्याचा हात फक्त तिसरीपर्यंत पोहोचतो, हे त्या निकालाने स्वच्छ सांगितले.

मार्च २०२५ मध्ये एका खासदाराने समाजमाध्यमावर टाकलेल्या कवितेवरून गुजरातेत नोंदवलेला गुन्हा रद्द करताना न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांनी पुन्हा बोसांचाच माणूस पुढे आणला. अशा तक्रारीत गुन्हा नोंदवण्याआधी पोलिसांनी शब्द नीट वाचावेत, त्यांचा अर्थ पाहावा, नव्या नागरिक सुरक्षा संहितेने दिलेली प्राथमिक चौकशीची सोय वापरावी, असे त्यांनी सांगितले. माझ्या मते या सगळ्या प्रवासातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. स्वातंत्र्य दिल्लीतल्या निकालात जिंकले जाते आणि ठाणे अंमलदाराच्या टेबलावर हरते. निकाल लागेपर्यंत अटक, जामीन, गेलेली नोकरी हे सगळे भोगून झालेले असते. एकाचे हे हाल पाहून शंभर जण लिहिणे सोडतात, आणि त्या शंभरांची नोंद कुठल्याच ठाण्यात होत नाही.

नव्या न्याय संहितेत जुनी कलमे नवे आकडे घेऊन आली आहेत, सरकारे बदलतात, पण या कलमांचा मोह कोणत्याच पक्षाला सुटलेला नाही. आज जे सत्तेत आहेत तेही कधीतरी या कलमांचे आरोपी होते, आणि आजचे आरोपी सत्तेत आले की तीच कलमे वापरतात. म्हणून बदल वरून येईल याची वाट पाहण्यात अर्थ नाही. बोसांनी कणखर माणसाची कसोटी न्यायाधीशांसाठी लिहिली, पण तिच्यात उत्तीर्ण व्हायचे आहे ते आपल्याला. न पटणारे पुस्तक शेवटपर्यंत वाचणे, लेखाला लेखाने उत्तर देणे, आपल्या गटातला कोणी ‘भावना दुखावल्या’ म्हणून ठाण्यात निघाला तर त्याला आपणच अडवणे, ही कामे कोणतेही कोर्ट आपल्यासाठी करू शकत नाही. ती आपण केली नाहीत, तर आपल्याला भडक माथ्याचे समजणारा कायदा कायम राहील, आणि तो आपल्याविषयी खोटे बोलतो असे म्हणायला आपल्यापाशी पुरावा उरणार नाही.