नकोसा पाहुणा आणि बागेचे दार

काऊ-चिऊची गोष्ट आपणांपैकी प्रत्येकाने लहानपणी ऐकली आहे. पावसात शेणाचे घर वाहून गेले, कावळा चिमणीच्या मेणाच्या घराशी आला आणि चिऊताईने बाळाची कामे सांगून सांगून त्याला दाराबाहेर ताटकळत ठेवले. ऐकताना आपण हसलो. परंतु त्या गोष्टीत एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. ज्याला आपण बोलावले नाही, त्याच्याशी दारात कसे वागावे?

संयुक्त अरब अमिरातीत घरापुढे बाग राखणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांपुढे हा प्रश्न रोज पहाटे उभा राहतो. दुबई, शारजा, अबू धाबी येथे रेताड जमिनीला नळीने पाणी देऊन पपई, टोमॅटो, शेवगा, कढीपत्ता वाढवायचा, खजुराचा घड पिकण्याची वाट पाहायची, आणि पिकला की साळुंक्यांनी टोचून ठेवायचा! एअर कंडिशनरच्या खोबणीत काड्या, फरशीवर घाण, कठड्यावर कावळे आणि पारवे. नवल असे की, हे पाहुणे बहुतेक आपल्याच ओळखीचे आहेत. साळुंकी तिकडे पसरली ती पिंजऱ्यातून सुटलेल्या पक्ष्यांपासून. आपला कावळा अनेक देशांच्या बंदरांत जहाजांवर बसून पोचला. इस्राएलमधील वाचकांनाही हे नवे नाही. एलातच्या किनाऱ्यावर हा कावळा १९७०च्या दशकात आला आणि तेल अवीवच्या यार्कोन उद्यानापासून साळुंकी १९९०च्या दशकात फैलावली.

यावर दोन प्रकारची मते ऐकू येतात. एक म्हणतो, "मुके जीव आहेत, आपल्याच मुलखाचे आहेत, खाऊ द्या." दुसरा म्हणतो, "विष घाला, चिकट सापळा लावा, कटकट मिटेल." आमच्या मते दोघांनीही विचार अर्ध्यावर सोडला आहे.

पहिल्याची दया मनापासूनची असते, पण तिची किंमत दुसराच मोजतो. साळुंकी झाडांच्या ढोली बळकावते आणि तेथे घरटी करणाऱ्या इतर पक्ष्यांना हुसकावून लावते. जगातील अत्यंत उपद्रवी ठरलेल्या १०० परक्या जीवांच्या यादीत २००० साली तिचे नाव घातले गेले ते उगीच नव्हे. मुंबईत २०२५ साली दादरच्या कबुतरखान्यावरून केवढा वाद झाला, तो सर्वांस ठाऊक आहे. दाणे टाकणाऱ्यास पुण्य वाटत होते. पण कबुतरांच्या विष्ठेमुळे फुप्फुसांचा आजार जडतो, तो शेजाऱ्यास. दुसऱ्याच्या अंगणाच्या खर्चाने केलेली दया ही पुरती दया नव्हे.

शिवाय घरमालकाचा हक्क आपला धर्मही मानतो. अब्राहामाने परमेश्वरापुढे यज्ञाचे तुकडे मांडले तेव्हा त्यांवर पक्षी उतरले, आणि त्याने ते हाकलून दिले. देशावर जोंधळ्याच्या राखणीला मचाणावर गोफण घेऊन बसणारा शेतकरीही पाप करीत नाही. हाकलणे हा दोष नाही.

मग दोष कोठे सुरू होतो? तोरा सांगते की, वाटेत घरटे आढळले तर आईला अगोदर जाऊ द्यावे. पिल्लांसह तिला धरू नये. पिल्ले घेण्याची मुभा आहे, परंतु मुभा वापरतानाही आईची वेदना विसरायची नाही. हाखामांनी ही आज्ञा खाण्यास शुद्ध अशा पक्ष्यांपुरती धरली आहे. कावळा त्यांत येत नाही. पण कोणत्याही प्राण्यास विनाकारण यातना देऊ नये, हा नियम कावळ्यालाही लागू आहे. ज्या रामबामच्या नावाचे सिनेगॉग २०२३ साली अबू धाबीत उघडले, त्यांनी या आज्ञेचे कारण सांगताना म्हटले आहे की, पिल्लावरची माया बुद्धीतून येत नाही. त्या बाबतीत माणूस आणि जनावर यांत भेद नाही.

तालमूदात रब्बी यहूदा हानासींची हकिकत आहे. कापायला नेलेले एक वासरू त्यांच्या वस्त्रात तोंड खुपसून रडू लागले. "जा, तुझा जन्म याचसाठी आहे," असे ते म्हणाले. हे बोलणे खोटे नव्हते. कायद्याचा भंगही नव्हता. तरी त्यांच्यावर अनेक वर्षांचे दुखणे ओढवले. एके दिवशी मोलकरीण घर झाडताना कोनाड्यातली रानटी जनावराची पिल्ले बाहेर लोटू लागली, तेव्हा त्यांनी तिला थांबविले, आणि दुखणे गेले. पाहा, प्रश्न नेमका आपलाच आहे: घरात शिरलेला नकोसा जीव आणि हातात केरसुणी. योग्य असणे आणि दयाळू असणे या दोन गोष्टी आहेत, आणि पहिलीने दुसरीची फेड होत नाही.

आणखी एक सावधगिरी. "परका", "उपरा" हे शब्द पक्ष्यांबद्दल बोलता बोलता माणसांवर घसरतात. नौगावच्या किनाऱ्याला लागलेल्या फुटक्या गलबताची आठवण सांगणाऱ्या आपल्या समाजाने तरी ते जपून वापरावेत. साळुंकीला शेजारधर्म शिकविता येत नाही, म्हणून तिला जाळीने थोपवावे लागते. माणसाशी बोलता येते. आणि शिकविता येत नाही, म्हणूनच ती गुन्हेगारही नाही. वाळवंटात पाणी आणि फळ आपण मांडले. निमंत्रण आपलेच होते.

यावरून आमच्या मते वागण्याचा क्रम ठरतो. प्रथम आपले आवरावे: कचऱ्याचे झाकण लावावे, उघडे खरकटे आणि गळणारे पाणी बंद करावे. मग विणीच्या हंगामापूर्वीच खोबणी बुजवावी. खजुराच्या घडांना तिकडचे शेतकरी बांधतात तशी जाळीची पिशवी बांधावी, ताणून, म्हणजे पाय अडकणार नाही. उशीर झाला आणि अंडी घातली गेली, तर थांबावे. साळुंकीची पिल्ले अंड्यापासून उडेपर्यंत पाच-सहा आठवडेच लागतात. दुबईचे युवराज शेख हमदान यांनी २०२० साली आपल्या मोटारीवर पक्ष्याने घरटे केले म्हणून ती मोटार वापरणे थांबविले. मोटार थांबू शकते, तर एक खोबण का थांबू नये? पिल्ले उडाली की त्याच दिवशी ती बंद करावी. विष आणि चिकट सापळा मात्र कधीही नको. त्यांत जीव हालहाल होऊन जातो आणि साळुंकीऐवजी निरपराध बुलबुलही सापडतो. संख्या कमी करणे भागच असेल, तर ते काम जाणत्या सरकारी खात्याचे.

दार लावण्याचा अधिकार आपला आहे. मात्र ते लावताना कोणाची बोटे चिरडत नाहीत ना, हे पाहणेही आपल्याकडेच आहे.