हरभऱ्याचा नकार

बारामतीच्या जिरायती भागात लोणी भापकरला यादवकालीन मल्लिकार्जुन मंदिराजवळ यज्ञवराहाची दगडी मूर्ती आहे. अंगावर विष्णूच्या लहान लहान प्रतिमा कोरलेला हा वराह म्हणजे देह धारण केलेला यज्ञच. पुराणांनी त्याच्या सुळ्यांना यूप मानले आहे. यूप म्हणजे बळीचा पशू बांधायचा खांब. शाकाहारी भाविकाला हा खांब खटकतो. ताटातल्या हरभऱ्याच्या उसळीसाठी कोणाला बांधावे लागले नाही, असे त्याला मनापासून वाटते.

पण हरभरा तर मुळांनीच जमिनीला बांधलेला असतो. पळता येत नाही, म्हणून तो रसायनांनी लढतो.

रब्बीत पहाटे त्याच्या पानांवर आंब येते, त्यात मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असते. दाण्यात साधारण पाचवा हिस्सा प्रथिने. त्यांतली बरीचशी उगवणाऱ्या अंकुराची शिदोरी. काही मात्र पहारेकरी. खाणाऱ्याच्या पोटात प्रथिने तोडणारी ट्रिप्सिनसारखी विकरे ती जखडून ठेवतात. खाणाऱ्याने खाल्ले तरी त्याला पचू नये, अशी ही व्यवस्था आहे.

घाटे अळीने तीही मोडून काढली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी 1998 मध्ये दाखवले, की या अळीच्या आतड्यातली विकरे हरभऱ्याची संरक्षक प्रथिनेच निकामी करतात. पुढच्या वर्षीच्या त्यांच्या प्रयोगांत भुईमूग आणि बटाट्यासारख्या, अळीचे यजमान नसलेल्या वनस्पतींची प्रतिरोधक प्रथिने अधिक प्रभावी ठरली.

या प्रतिकाराला इच्छा म्हणावे का? हरभऱ्याला मज्जासंस्था नाही. त्याला वेदना होतात असे म्हणायला आधार नाही. तरीही 'वनस्पती आपल्यासाठीच फळते' हे विधान खोटे ठरते. जैन विचाराने ते कधीच केले नाही. वनस्पती एकेंद्रिय जीव आहे, तिला खाण्यातही हिंसा आहे, ती कमीत कमी असावी, एवढेच तो सांगतो. यज्ञाची दृष्टी वेगळी: आधी अर्पण, मग उरलेले खाणे. दोघांनाही निष्पाप जेवण मान्य नाही, आणि निरागसतेचा दावा करणाऱ्या शाकाहारापेक्षा ही भूमिका अधिक प्रामाणिक आहे.

अळीपासून हरभरा वाचवणारा माणूस झाडाचा कैवारी ठरत नाही. तो त्याच दाण्याचा दुसरा दावेदार आहे. अळीने जे आतड्यातल्या विकरांनी साधले, ते तो भिजवून आणि शिजवून साधतो. कुकरच्या उष्णतेने पहारेकरी प्रथिनांचे बळ बरेच ओसरते आणि अंकुराची शिदोरी माणसाच्या अंगी लागते.