झीज आणि दोष

समुद्रावर जाणाऱ्या नावेच्या डेकवर हॅच असते. खाली उतरण्याची आणि हवा-उजेड आत घेण्याची ती वाट. तिचे झाकण बिजागऱ्यांवर उघडते-मिटते. बिजागरीच्या नळ्यांतून एक सळई गेलेली असते, आणि प्रत्येक उघडझापीबरोबर धातूचे अत्यल्प कण झडत राहतात. खारे पाणी, वाळू, हेलकाव्यांत झाकणाला बसणारे हादरे यांची त्यात भर पडते. गोल भोक लांबट होते, झाकण किंचित एका अंगाला सरकते, आणि त्याच्या कडेखालची रबरी पट्टी सर्वत्र सारखी दाबली जात नाही. बंदरात हे ध्यानातही येत नाही. डेकवर लाट चढली म्हणजे मात्र पाणी नेमके तेथून आत शिरते.

ही झीज कोणी केली? ज्याने ज्याने झाकण उघडले त्या प्रत्येकाने; आणि त्यांपैकी कोणीही काही गैर केले नाही. नीतिविचार बहुधा कृत्यांपाशी थांबतो: कर्ता असतो, क्षण असतो, हेतू असतो. झिजेला यांपैकी काहीच नसते. नाव आणि तत्त्वज्ञान म्हटले की प्लूटार्कने नोंदलेले थीसियसच्या नौकेचे कोडे आठवते. एकेक फळी बदलल्यावर नाव तीच राहते काय? काढलेल्या फळ्यांची दुसरी नाव कल्पून हॉब्जने ते आणखी अवघड केले. कोडे रंजक खरे. परंतु फळी नीट बसली की नाही हा प्रश्न त्यात कोणालाच पडत नाही. येथे अ‍ॅरिस्टॉटल अधिक उपयोगी पडतो. निष्काळजीपणातून आलेले अज्ञान तो क्षम्य मानीत नाही, कारण काळजी घेणे त्या माणसाच्या हाती होते. झीज हा दोष नव्हे; पाहता येत असून न पाहणे हा दोष.

दुरुस्तीतही हाच प्रश्न पुन्हा उभा राहतो. नवी सळई घालून वर रंगाचा हात फिरवता येतो. पण लांबट भोकात ती जुन्यासारखीच खेळत राहते. खरे काम म्हणजे भोक पुन्हा गोल कोरणे, त्यात काशाची बुश ठोकून बसवणे, तिच्या मापाची सळई घालणे. लाकडातील स्क्रूची भोके सैल झाली असतील तर तीही भरून नव्याने पाडणे. झाकण मिटल्यावर दोन्ही कामे सारखीच दिसतात. (मालकही पहिल्याच कामाचे पैसे अधिक खुशीने देतो, हे सांगितले पाहिजे.) दुरुस्ती करणारा त्या नावेतून जाणार नसतो. तरी अपघात घडला की संशय प्रथम जातो तो झाकण शेवटी लावणाऱ्या हातावर.

‘डर्बीशायर’ या ब्रिटिश मालवाहू जहाजाच्या प्रकरणात बिजागरीचा नव्हे, पण अशाच एका झाकणाचा प्रश्न होता. सप्टेंबर 1980 मध्ये जपाननजीक वादळात ते 44 माणसांसह बुडाले. 1989 च्या चौकशीने निसर्गाच्या शक्तींकडे बोट दाखवले. 1998 मध्ये तज्ज्ञांनी पुढच्या भागातील कोठीचे छोटे हॅच खलाशांनी नीट बंद केले नसावे असा निष्कर्ष काढला. मृतांना उत्तर देता येत नव्हते. त्यांच्या नातेवाइकांनी ते दिले. न्यायमूर्ती कोलमन यांच्या 2000 च्या अहवालाने खलाशांवरील ठपका पुसला. लाटांनी पुढच्या डेकवरील वायुवाहिन्या मोडल्या, तेथून पाणी भरून जहाजाचा पुढचा भाग खाली गेला, आणि मग मालाच्या हॅचची झाकणे लाटांच्या भाराखाली कोसळली, असे त्यात ठरले. ती झाकणे तेव्हाच्या नियमांस धरूनच होती. अपुरे होते ते नियम.

निसर्ग, खलाशी आणि शेवटी नियम, अशी दोषाची जागा वीस वर्षांत तीनदा बदलली. 1989 चा निर्णय झाला तेव्हा सुमारे चार किलोमीटर खोल पडलेले ते अवशेष कोणी पाहिलेलेच नव्हते. ते 1994 मध्ये सापडले. आणि त्या शोधाचा खर्च आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाने केला.