डाग

आमच्याकडच्या म्हाताऱ्या दागिना म्हणत नाहीत, डाग म्हणतात. "पोरीच्या अंगावर दोन डाग घातले," असं बोलतात. कपड्यावर पडतो तोही डाग. गुराच्या पुठ्ठ्यावर तापल्या लोखंडानं देतात तोही डागच. शोभा, कलंक आणि मालकीची खूण, तिन्ही एकाच शब्दात. व्युत्पत्ती काय असेल ती पंडितांनी बघावी. मला त्या शब्दात आपला एक प्रश्न दिसतो.

अंगावरची वस्तू शोभा कधी असते आणि खूण कधी असते? जी एकदा गुलामीची खूण होती, ती पुढं शोभा होऊ शकते का? आणि झालीच, तर कुणाची?

मित्रांनो, हा प्रश्न मी पुस्तकातून काढलेला नाही. तो माझ्या पोटापाण्याच्या जागेतून आलाय. मी मुंबईत काळ्या घोड्याच्या मागच्या एका गल्लीत दागिन्यांच्या दुकानात नोकरी करतो. सोनाराची पेढी म्हणावी तसं हे दुकान नाही. इथं तराजू दिसत नाही, भावाची पाटी नाही. पांढऱ्या भिंती, काचेची कपाटं, आणि एकेका कपाटात एकेकच डाग, वर दिवा सोडलेला. मालकीणबाई स्वतः चित्रं काढतात आणि त्याबरहुकूम डाग घडवून घेतात. मी काचा पुसतो, बिलं करतो, आणि माल कारागिरांकडून आणतो, पोचवतो.

कपाटात काय असतं? गोठ, वाळे, वाक्या, जाड गळसऱ्या. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं 'ट्रायबल', 'एथनिक'. नवी कोरी चांदी मुद्दाम गंधकाच्या रसायनात बुडवून काळी करतात, म्हणजे ती जुनी वाटते. माझी आजी आपला एकुलता एक चांदीचा डाग चिंचेनं आणि राखेनं घासघासून पांढरा करायची. गरिबाला चांदी पांढरी लागते, श्रीमंताला काळी. हे मी विनोदानं सांगत नाही. कुणाला काय दिसावंसं वाटतं यातच सगळा मामला आहे.

आता थोडा इतिहास. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांसाठी कायदा केलाय. गावाबाहेर राहा, मढ्यावरची वस्त्रं नेसा, फुटक्या भांड्यात खा, दागिने लोखंडाचे घाला. नीट बघा. दागिने घालूच नका, असं मनू म्हणत नाही. घाला म्हणतो, पण लोखंडाचे. नुसतं नागडं ठेवलं तर माणूस गर्दीत मिसळेल, ही भीती त्याला आहे. म्हणून त्याला नटवायचं, पण असं नटवायचं की चार शेतं पलीकडून ओळखू यावा.

या कायद्याला दोन तोंडं आहेत. एक बंदीचं, एक सक्तीचं. १९२८ साली इंदूर संस्थानातल्या गावांत सवर्णांनी बलाई समाजावर अटी लादल्या. त्यात एक अट होती, तुमच्या बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. बाबासाहेबांनी १९३६ च्या जातिनिर्मूलनाच्या न झालेल्या भाषणात ती नोंदवून ठेवलीय. १९३० च्या डिसेंबरात मद्रास इलाख्यातल्या रामनाड जिल्ह्यात कळ्ळर लोकांनी आदिद्रविडांवर आठ बंधनं घातली. त्यातही सोन्याचांदीला बंदी. ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्या झोपड्या जाळल्या, धान्य नासलं, गुरं लुटली. एका तोळ्यासाठी आख्खी वस्ती. हे बंदीचं तोंड.

सक्तीचं तोंड त्रावणकोरात बघा. तिथं पुलया बायकांच्या गळ्यात दगडी मण्यांच्या माळा असायच्या, जातीची खूण म्हणून. १९१५ साली अय्यनकाळींच्या हाकेवर, कोल्लमजवळच्या पेरिनाडच्या लढ्यात, त्या बायांनी माळा तोडून फेकल्या. बारा वर्षांनी महाड. २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृती जाळली, आणि त्याच परिषदेत बाबासाहेब बायकांशी वेगळं बोलले. गळ्यातल्या गळसऱ्या आणि कोपरापर्यंतच्या कथलाच्या नाहीतर चांदीच्या गोठपाटल्या ही अस्पृश्यतेची ओळख आहे, त्या टाका, असं त्यांनी सांगितलं. दागिना घालायचाच तर सोन्याचा घाला, नाहीतर घालू नका. लुगडंही असं नेसा की ओळखू येणार नाही.

यावर काही विद्वान म्हणतात, ही सवर्णांची नक्कल झाली. मला ते पटत नाही. नक्कल करणाऱ्याला दुसऱ्यासारखं व्हायचं असतं. आपल्या बायांना बाजारात जाताना कुणीही नसण्याचा हक्क पाहिजे होता. तोंड उघडायच्या आधी जात कळू नये, दुकानदारानं पैसे आधी हातात घ्यावेत का वरून टाकायला सांगावेत हे मनगटाकडं बघून ठरवू नये, एवढंच. अनोळखी राहता येणं ही फार मोठी गोष्ट आहे. ज्याला ती जन्मतः मिळते त्याला ती दिसत नाही.

आणि आता आमच्या दुकानातलं गिऱ्हाईक बघा. तोच कोपरभर गोठ ते घेतं, कशासाठी? चारचौघींत वेगळं दिसावं, ओळखू यावं म्हणून. जी वस्तू आमच्या पणज्यांनी ओळखू येऊ नये म्हणून काढली, तीच वस्तू ओळखू यावं म्हणून घातली जातेय. धातू तोच, आकार तोच. वाट मात्र उलटी.

मालकीणबाई वाईट नाहीत. पगार वेळेवर देतात, अरेतुरे करत नाहीत. एकदा त्यांनी मला कौतुकानं विचारलं, "तुमच्या घरी जुनं काही असेल ना? आणा की. त्यावरून आपण एक नवी मालिका काढू. त्याचे पैसेही देईन." घरी आहे. आमच्या साताऱ्याकडच्या गावात महाडहून परतलेल्या माणसांनी निरोप सांगितला तेव्हा पणजीनं डाग उतरवले. त्यातला एक कथलाचा गोठ आईनं पत्र्याच्या डब्यात ठेवलाय. मी आईला विचारलं. ती म्हणाली, "आत्याबाई सांगायच्या, काढला तवा मनगटाला वळ व्हते. आठ दिस म्हातारी हात हलवत हिंडली. हलकं वाटतंय, हलकं वाटतंय म्हणायची. त्यो काय पुन्यांदा कुणाच्या हातात घालायला न्हाई काढला."

दुसऱ्या दिवशी मी बाईंना सांगितलं, आणतो, पण चिठ्ठीवर दोन ओळी लिहा. हा डाग कुणाच्या हातात होता आणि तिनं तो का उतरवला. बाई जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "लोक दागिना आनंदासाठी घेतात. दुःखाची गोष्ट जोडून तो कसा विकायचा?"

त्यांचं म्हणणं मी झटकून टाकत नाही. दागिना आनंदासाठीच असतो. पण माझं म्हणणं असं आहे की त्यांनी आनंद चुकीच्या जागी शोधला. त्या गोठाची आनंदाची घडी तो घालण्यात नव्हतीच, तो काढण्यात होती. आठ दिवस हात हलवत फिरणारी म्हातारी ही दुःखाची गोष्ट आहे का? आपल्या लोकांच्या वाट्याला आलेला तो पहिला दागिना होता, रिकामं मनगट. पण रिकामं मनगट काचेच्या कपाटात ठेवता येत नाही आणि त्याचं बिल फाडता येत नाही. म्हणून बाजार वस्तू घेतो आणि वस्तूची गोष्ट दाराबाहेर ठेवतो. आम्ही गावकुसाबाहेर, तशी आमची गोष्ट दुकानाबाहेर.

गोठ डब्यातच आहे.

हे मी आपल्या अभ्यासवर्गात सांगितलं तेव्हा वाद पेटला. वर्गातली एक कार्यकर्ती पोरगी असलंच काळं, ऑक्सिडाइज्ड गळ्यात घालते. कुलाब्याच्या फुटपाथवर मिळतं तसलं, ज्यात बहुधा चांदीचा कणही नसतो. एक जुने कार्यकर्ते तिच्यावर उखडले. बाबासाहेबांनी टाकायला सांगितलेलं तू पुन्हा घालतेस? ती म्हणाली, "काका, मला कुणी सक्ती केलेली नाही. मला आवडतं. आणि मी काढ म्हटलं की काढते."

माझ्या मते पोरीचं शेवटचं वाक्य हीच खरी कसोटी आहे. जो काढता येतो तो दागिना. जो काढता येत नाही ती बेडी, मग ती चोवीस कॅरेटची का असेना. बाबासाहेबांनी कथलाशी वैर धरलं नव्हतं. त्यांनी सक्ती मोडली. आता काढण्याचीच सक्ती करू लागलो तर मनूचं एक कलम खोडून त्याच पानावर आपलं कलम लिहिल्यासारखं होईल. बायांच्या अंगावर काय असावं हे ठरवणारा पुरुष निळ्या झेंड्याखाली उभा राहिला म्हणून मुक्तिदाता होत नाही.

पण पोरीलाही मी एक विचारलं. तुला काढता येतो, कारण कुणीतरी तो आधी काढून दाखवला. ते तुला ठाऊक आहे का? तिला अर्धंच ठाऊक होतं. आवड ही आकाशातून पडत नाही. ती कुणाच्या तरी लढ्यावर उभी असते. हे माहीत असून घातलं तर घाल, खुशाल घाल. माहीत नसताना घातलं, तर तुझ्यात आणि काळ्या घोड्याच्या गिऱ्हाइकात फरक फक्त किमतीचा.

आता दुसरी बाजू, हातांची. माल आणायला मी चालत जातो. एल्फिन्स्टन कॉलेजवरून, जिथं बाबासाहेब बी.ए.पर्यंत शिकले. पुढं दादाभाई नौरोजी रोडला त्यांनी १९४६ साली सुरू केलेलं सिद्धार्थ कॉलेज. मग महात्मा फुले मंडई, आणि तिच्यामागं झवेरी बाजार. एवढ्या मोठ्या माणसांच्या नावांवरून चालत गेलं की शेवटी येते एक अंधारी जिन्याची इमारत. दहा बाय बाराच्या खोलीत आठदहा पोरं जमिनीवर बसलेली, बरीचशी बंगालची, हुगळी-मेदिनीपूरकडची. डाख द्यायच्या वेळी पंखा बंद, कारण ज्योत हलते आणि कीस उडतो. तेजाबाचा वास घशात बसतो. तिथंच काम, तिथंच झोप. संध्याकाळी हात धुतलेलं पाणीसुद्धा साठवतात, त्यात सोन्याचा कण असतो. खाली गटाराशी झारेकरी बसलेले असतात. रस्त्यावरची माती, गटारातला गाळ धूत, रतीभर सोनं शोधत. सोनं वाया जाऊ नये म्हणून केवढी यातायात! माणूस वाया गेला तर कुणी गटार धूत नाही.

सोनाराच्या पेढीवर हिशोब असा असतो: वजन गुणिले भाव, अधिक घडणावळ. मोडीत घालायला गेलात की घडणावळ शून्य होते. कारागिराचे कष्ट विकत घेताना असतात, परत देताना नसतात. आमच्या दुकानात उलटं. तिथं चांदीची किंमत थोडी, बाकी सगळी घडणीची. मला आधी बरं वाटलं होतं, चला, कष्टाला भाव आला. मग चिठ्ठी बघितली. चिठ्ठीवर चित्र काढणारीचं नाव आहे, घडवणाऱ्याचं नाही. भाव डोक्याला आला, हात मजुरीवरच राहिले.

बाबासाहेब सांगून गेलेत की जात ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे. एकानं कल्पना करायची, एकानं घडवायचं, एकानं गाळ उपसायचा, आणि तिघांनी एका पंगतीला बसायचं नाही. हे सोनारांनाही चुकलं नाही. १७७९ साली, पेशव्यांच्या सांगण्यावरून, मुंबईच्या कंपनी सरकारनं सोनारांना 'नमस्कार' म्हणायची मनाई केली होती, कारण तो ब्राह्मणांचा शब्द. सोनं तोलणाऱ्या हातांना साधे जोडण्याची मोकळीक नव्हती. पण वरून लाथ खाणारा खालच्याला जवळ करतोच असं नाही. पायरी कायम राहते, हीच तर या व्यवस्थेची करामत.

म्हणून कुठलाही डाग बघताना मी तीन गोष्टी विचारतो. घालणाऱ्याला तो काढता येतो का? घडवणाऱ्याचं नाव आणि दाम कुठं आहे? आणि ज्यांच्या अंगावरून हा आकार उचलला, त्यांची गोष्ट सांगितली जाते का? तिन्हीला होय आलं, तर तो दागिना आहे, मग धातू कुठलाही असो. एकालाही नाही आलं, तर तो म्हाताऱ्यांच्या शब्दातला दुसरा डाग आहे. आणि तो घालणाऱ्यावर पडत नाही, तो विकणाऱ्यावर आणि गप्प बसणाऱ्यावर पडतो.

गप्प बसणाऱ्यात आपणही येतो. चवदार तळ्याची तारीख आपल्याला पाठ असते. पण आपल्या घरातल्या बाईनं काय उतरवलं, कधी उतरवलं, उतरवल्यावर गावानं काय केलं, हे आपण विचारत नाही. ज्यांनी पाहिलं त्या गेल्या. ज्यांनी ऐकलं त्या अजून आहेत, सत्तरी-ऐंशीच्या घरात. गड्यांनो, या सुट्टीत गावी जाल तेव्हा त्यांच्याजवळ बसा आणि लिहून घ्या. त्यांच्याच बोलीत, शुद्ध न करता. जे येईल ते या पानांकडं पाठवा. आपल्या गोष्टीवर दुकानाची चिठ्ठी चिकटायच्या आत आपलं अक्षर पडलं पाहिजे.

जय भीम.