विहिरीची साक्ष

शांती नगरच्या गल्लीत टँकर आला की आपण दोनच प्रश्न विचारतो : पाणी किती वाजता चढणार आणि पैसे किती. ते कोणाच्या विहिरीचे, हा प्रश्न आमच्याही ओठांवर क्वचितच आला. खाडीपलीकडे, बावखलांच्या वसईत, १९८० च्या दशकाअखेर मात्र तोच जीवनमरणाचा झाला. टँकरच्या उपशाने बागायतीच्या गोड्या विहिरी मचूळ होऊ लागल्या आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समिती लढ्यास उभी राहिली.

उपसलेले पाणी निदान डोळ्यांना दिसते. नासलेले भूजल दिसत नाही. बोईसरजवळील तारापूर औद्योगिक वसाहतीच्या प्रदूषणाविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेला राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागावी लागली. निकाल जानेवारी २०२२ मध्ये आला. भूजलाची हानी ओळखण्यासाठी कारखान्याच्या आवारात चाचणी-विहिरी खोदतात. भूजल जिकडून येते त्या वरच्या अंगाला एक, जिकडे जाते त्या खालच्या अंगाला काही. दोन्हींच्या पाण्यातील फरक हा कारखान्याचा हिशेब. वरची विहीरच नसेल तर 'पाणी मुळातच असे होते' म्हणायला वाव राहतो. शिवाय भूजल फार संथ चालते. आज नमुन्यात उतरलेले रसायन कित्येक वर्षांपूर्वी झिरपलेले असू शकते. विहीर कुठे खोदायची ही बाब तांत्रिक दिसते, पण ती न्यायाची आहे.

मग ती कोणाला विचारून खोदायची? २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेने जनसुनावणीची रीत घालून दिली. तीस दिवसांची पूर्वसूचना, स्थानिक भाषेत गोषवारा, इतिवृत्ताचे वाचन : सारे उत्तम. पण गणपूर्तीची अट नाही. रिकाम्या खुर्च्यांसमोरही सुनावणी पूर्ण होते. मान्यताप्राप्त औद्योगिक वसाहतींतील प्रकल्पांना तर मूळ अधिसूचनेने सुनावणीतूनच वगळले होते. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकात नेमके उलट मागितले : बेत ठरल्यानंतर नव्हे, तर आरंभापासूनच परिणामांचा विचार व्हावा आणि त्यात स्थानिकांना विशेष स्थान असावे. ज्याच्या उत्तराने काहीच बदलणार नाही त्याला प्रश्न विचारणे हा, आमच्या मते, असत्याचाच एक प्रकार होय. इतिवृत्त कितीही बिनचूक असो.

एवढे बोलून थांबलो तर आम्ही स्वतःला फार स्वस्तात निर्दोष ठरवू. उत्पत्तीच्या एकविसाव्या अध्यायात अबीमलेखाच्या चाकरांनी बळकावलेल्या विहिरीबद्दल अब्राहाम त्याला जाब विचारतो. राजा म्हणतो, हे कोणी केले मला ठाऊक नाही. शिवाय तूही मला सांगितले नाहीस. सत्ताधाऱ्यांची ही पळवाट पुरातन आहे, पण तिच्यात सत्याचा एक काटा आहे आणि तो आम्हांला बोचतो. सुनावणीची जाहिरात मराठी वर्तमानपत्रात छापून येते. आपण पान उलटतो. तिथे काय बोलायचे, ती तर त्या गावकऱ्यांची विहीर! पण अशा वसाहतींत तयार होणारी औषधे आणि कापडाचे रंग आपल्याच घरांत येतात.

अब्राहाम राजाशी वैर धरत नाही, पण गप्पही बसत नाही. सात मेंढ्या वेगळ्या काढून, ही विहीर मी खोदली, ह्याची साक्ष तो राजाकडून पटवून घेतो. पुढच्या एखाद्या सुनावणीत कोणी गावकरी उभा राहून विचारील, वरच्या अंगाची विहीर कुठे आहे आणि तिच्या पाण्याचा अहवाल आम्हांला मराठीत कधी मिळेल? त्या वेळी त्याच्या शेजारच्या खुर्चीवर शांती नगरचेही कोणी बसलेले असावे, अशी आमची इच्छा आहे.