घोडं पेंड कुठे खातंय?

चि. भाचेबाईंस,



तू पाठवलेले सदतीस फोटो परवा रात्री आधी चष्मा लावून आणि मग भिंग घेऊन पाहिले. त्याआधी तुझ्या आईचा फोन येऊन गेला होता. "दादा, तिला तूच समजाव," म्हणाली. समजाव म्हणजे गाडी परत करायला लाव, एवढं कळण्याइतका मी तिचा भाऊ आहे. पण १९६७ ची फियाट डिलाइट, तळाचा पत्रा अजून शाबूत, आणि पुढे बॉनेटखाली जिप्सीचं तेराशेचं इंजिन! मी काय समजावणार? माझ्याच तोंडाला पाणी सुटलं. तेव्हा आईला सांग, मामाने खूप समजावलं म्हणून.

फक्त तुझ्या शेवटच्या वाक्याचा मी धसका घेतला आहे. "आता वायरिंग आणि किरकोळ कामंच उरलीत, दिवाळीपर्यंत रस्त्यावर आणते." अगं, ज्यांच्याकडून तू गाडी घेतलीस, त्या गृहस्थांनीही नऊ वर्षांपूर्वी आपल्या बायकोला नेमकं हेच सांगितलं असणार. ज्या माणसाने इंजिन उतरवलं, दुसरं बसवलं, नवा प्रोपेलर शाफ्ट करून घेतला, तो वायरिंगसाठी नऊ वर्षं गाडी ताडपत्रीखाली ठेवत नाही. आणि तुला सांगितली त्या किमतीत विकतही नाही. घोडं कुठेतरी पेंड खातंय. ते कुठे, हे कळेपर्यंत एकही पाना उचलायचा नाही, ही माझी पहिली अट.

मला वाटतं, ते तुझ्या फोटोंतच दिसतंय. एकोणिसावा फोटो काढ. बॉनेट आतून दिसतंय. मधली आडवी पट्टी ग्राइंडरने कापलेली आहे, कडा अजून घासलेल्याही नाहीत. बॉनेटची पट्टी कोण कशाला कापेल? इंजिन वर लागतं म्हणून. इंजिन वर का लागतं? आता बाविसावा बघ, बाजूने काढलेला. पुढच्या माउंटिंगखाली पट्ट्यांवर पट्ट्या चढवल्यात. मी तीन मोजल्या, तू हात घालून मोज. म्हणजे इंजिनाचं नाक उचललंय. का, तर तेलाचा सम्प खालच्या आडव्या मेंबरला टेकत असणार. नाक वर गेलं की शेपूट, म्हणजे गिअरबॉक्स, खाली जातं. आणि मग तो नवा, चकचकीत, पैसे खर्चून केलेला शाफ्ट मागच्या हाऊसिंगला भलत्याच कोनात जाऊन मिळतो.

हा कोन तुला नीट समजला पाहिजे, कारण माझ्या मते गाडी इथेच अडली. शाफ्टच्या दोन्ही टोकांना जो क्रॉस असतो, तो कोनात फिरताना एकसारखा फिरत नाही. पुढचं टोक एका लयीत फिरलं तरी मागचं एका फेऱ्यात दोनदा पुढे पळतं आणि दोनदा मागे रेंगाळतं. डोळ्यांना दिसत नाही, पण बुडाला कळतं. यावरचा जुना तोडगा असा की दुसऱ्या टोकालाही तेवढाच कोन द्यायचा. मग एकाने केलेली खोडी दुसरा निस्तरतो. त्यासाठी गिअरबॉक्सची फ्लँज आणि मागच्या पिनियनची फ्लँज एकमेकींना समांतर हव्यात. इथे पुढची खाली बघतेय आणि मागची सरळ. त्यांनी गाडी गल्लीत चालवून पाहिली असेल, झकास वाटलं असेल. मग हायवेला लागल्यावर पन्नास-साठला गाडीचा तळ थरथरायला लागला असेल. शाफ्ट बॅलन्स करून आणला असेल, क्रॉस बदलले असतील. फरक पडला नसेल. मग एका रविवारी ताडपत्री.

हे इतक्या खात्रीने सांगतोय, कारण हा मार मी स्वतः खाल्ला आहे. १९९१ साल असेल. पेट्रोलच्या जीप-अँबॅसिडरमध्ये डिझेल इंजिन बसवायची लाट होती आणि आमच्या उद्यमनगरात दर चौथ्या गॅरेजात एक तरी गाडी पोट उघडून पडलेली असायची. इचलकरंजीचे एक यंत्रमागवाले अशीच एक जीप घेऊन आले. आधीच्या मिस्त्रीने अर्ध्यावर सोडलेली. मला वाटलं, वा, अवघड काम त्याने केलंय, आपण शेपूट पूर्ण करायचं. रेडिएटर, सायलेन्सर, वायरिंग करून आठ दिवसांत गाडी दिली. नवव्या दिवशी परत. चाळीसच्या पुढे गिअरचा दांडा हातात राहत नव्हता. मी दोन वेळा क्रॉस बदलले, शाफ्ट लेथवर चढवून पाहिला, मागचं हाऊसिंग खोललं. शेवटी वैतागून पालथा पडून टॉर्च मारली, तर मागच्या माउंटिंगखाली दोन जाड वॉशर. सापडला चोर! काढून फेकले, बोल्ट आवळले, गाडी सुरू केली आणि खडखडाट असा की शेजारचा मोल्डर धावत आला. वॉशर काढल्यावर गिअरबॉक्स क्रॉस मेंबरवर आपटत होता. त्या आधीच्या मिस्त्रीला मी आठ दिवस मनातल्या मनात शिव्या घालत होतो. त्याने वॉशर मूर्खपणाने नव्हते घातले. जागा कमी पडली होती, आणि मेंबर कापून नीट खाच करण्याऐवजी त्याने स्वस्तातला मार्ग काढला होता. ती खाच शेवटी मी केली. दीड दिवसाचं काम, पण त्याआधीचे माझे दोन आठवडे गेले.

तेव्हा तुझ्या गाडीतल्या त्या पट्ट्या बघून लगेच हसू नकोस, आणि लगेच काढूही नकोस. तुला त्या माणसाचे सुटे भाग मिळालेत, तसे त्याचे निर्णयही मिळालेत, आणि ते बिलावर लिहिलेले नसतात. तुझी आजी स्वेटर विणायची ते आठवतं का? चूक दिसली की पुढे विणत बसायची नाही, त्या टाक्यापर्यंत उसवायची. आम्ही पोरं हळहळायचो, एवढं विणलेलं! तुझ्या गाडीचा चुकलेला टाका त्या पट्ट्यांत नाही, सम्पमध्ये आहे. सम्प उतरवून, जिथे अडतो तिथे कापून आकार बदलायचा, आतली तेल ओढणारी जाळी त्याप्रमाणे हलवायची, आणि जेवढं तेल कमी मावेल तेवढी जागा बाजूला वाढवून घ्यायची. मग इंजिन खाली बसतं, पट्ट्या आपोआप निघतात आणि शाफ्टची लांबीही बदलते. म्हणजे त्यांचा नवा शाफ्ट कदाचित पुन्हा कापावा लागेल. काळजावर दगड ठेव.

त्यांची निवड मात्र शहाणी होती. जिप्सीचं इंजिन उभं बसतं आणि तिचा ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सला चिकटलेला नसतो, मधल्या छोट्या शाफ्टने जोडलेला असतो. तो बाजूला ठेवला की मागच्या चाकांना ताकद देणारा पाच गिअरचा सरळ बॉक्स हातात येतो. म्हणजे इंजिन निवडताना डोकं चालवलं होतं, बसवताना घाई केली.

तुझे ते पुण्याचे मित्र म्हणतात ना, जुन्या गाडीत नवं इंजिन म्हणजे पाप, त्यांच्याशी वाद घालू नकोस. फक्त सांग की हे पाप आपल्याकडे कारखान्यांनीच केलेलं आहे. अँबॅसिडरमध्ये नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जपानी इसुझूचं १८०० सीसीचं इंजिन आलं आणि म्हातारी एकदम पळायला लागली. ज्या कुर्ल्याच्या प्रीमियरने तुझी डिलाइट बनवली, त्याच कंपनीने १९८५ मध्ये फियाट १२४ च्या अंगात निस्सानचं ११७१ सीसीचं इंजिन घालून ११८ एनई काढली. फरक एवढाच की त्यांच्याकडे ड्रॉइंग ऑफिस होतं आणि आपल्याकडे ग्राइंडर. (आणि हो, तुझ्या गाडीला कोणी 'डुक्कर फियाट' म्हटलं तर दुरुस्त कर. डुक्कर ती आधीची, पुढची दारं उलटी उघडणारी.)

ब्रेकचं मी आत्ताच बोलून ठेवतो. मूळ १०८९ सीसीचं इंजिन चाळीसेक घोड्यांचं, हे ऐंशीचं. चारी चाकांना ड्रम, आणि सगळ्यांना मिळून तेलाची एकच लाइन. एक पाइप फुटला की चारी चाकं मोकळी. इंजिन सुरू होण्याआधी पुढे डिस्क आणि दोन लाइनींचा मास्टर सिलिंडर, यात तडजोड नाही. हे ऐकलं नाहीस तर मात्र मी खरोखर तुझ्या आईच्या बाजूने बोलेन.

आता वायरिंग, जे 'किरकोळ' आहे. अकराव्या फोटोत संगणकाच्या डब्याकडून येणाऱ्या साऱ्या वायरी मध्येच कापून पुढे लाल वायरीने वाढवल्यात. सगळ्या लाल! दुकानातून एकच बंडल आणलं असणार. कुठली वायर कुठली, हे शोधत बसू नकोस. जिप्सीचं अखंड हार्नेस मिळव आणि हे पूर्ण काढून टाक. पेट्रोलची लाइनही नवीच लागेल. कार्ब्युरेटरच्या पंपाचा दाब नावापुरता असतो, इंजेक्शनला तीन बारच्या आसपास लागतो. जुनी रबरी नळी तो सोसणार नाही आणि फुटेल ती नेमकी गरम सायलेन्सरवर.

आणि अर्थिंग. इंजिन रबरावर बसतं, बॉडीला कुठे टेकत नाही, म्हणून इंजिन ते बॉडी एक जाड अर्थची पट्टी लागतेच. तुझ्या एकाही फोटोत ती मला दिसली नाही. एकदा माझाच हेल्पर ती लावायला विसरला आणि आम्ही सेल्फ मारला. करंट परत जायला वाट शोधतोच. त्याला ॲक्सिलरेटरची केबल सापडली. लाल झाली, वरचं आवरण वितळलं आणि गाडीभर तो वास. आग लागली नाही, एवढंच नशीब.

कागदांचं तू एका ओळीत उरकलंयस, "आरसी आहे." आरसीवर नंबर कोणत्या इंजिनाचा आहे? मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे कारखान्याने दिलेल्या तपशिलाशी गाडी जुळणार नाही असा बदल मालकाला मनाने करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा बजावलं आहे. विंटेजची वाट धरशील, तर २०२१ च्या नियमांत पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते. पण ती मूळ रूपात जपलेल्या गाडीला. इंजिनात मोठा फेरफार केला की ते दार बंद, आणि ते उघडं असलं तरी त्या नंबरावर रोज फिरता येत नाही. म्हणून पैसे घालण्याआधी आरटीओत जाऊन समोरासमोर विचार. जिप्सीचं इंजिन कुठून आलं, बिल आहे का, मूळ गाडी रीतसर मोडीत निघाली होती का, हे कागद त्या गृहस्थांकडून आजच माग. उत्तर 'नाही' आलं तर इंजिन कितीही गोड वाजो, गाडीत ठेवायचं नाही.

त्यांच्याकडे जायचंच आहे. एकटी जा, पेढे घेऊन जा, फोटो काढू नकोस. अर्धवट टाकलेल्या कामाची माणसाला लाज असते. "काय काय केलंत?" विचारलंस तर फुशारकी ऐकायला मिळेल. "शेवटच्या दिवशी गाडीत काय झालं होतं?" असं विचार आणि मग गप्प बस. हायवे, थरथर यांतलं काही निघालं तर माझं भिंग खरं. काही दुसरंच निघालं तर ते लिहून आण, माझा अंदाज सोडून दे. नट-बोल्टचे डबे त्यांनी द्यायचे ठेवले असतील तर तेही उचल. कुठला नट कुठला, हे त्यांच्याच तोंडून एकदा ऐकून घे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मूळ इंजिन कुठे आहे ते विचार. भंगारात गेलं असेल तर प्रश्न मिटला. पण असे लोक सहसा विकत नाहीत. गोठ्यात, जिन्याखाली, कुठेतरी पोत्याखाली असतं. असलं तर ब्लॉकवर ठोकलेला नंबर आरसीशी ताडून बघ. जुळला तर जाम असलं तरी घेऊन ये. मग तुझ्यापुढे दोन रस्ते असतील आणि कोणता घ्यायचा ते तुझं तू ठरव. मी दोन्हीकडे पाना धरायला आहे.

पुढच्या महिन्यात डोळ्यांच्या तपासणीला पुण्याला येतोय. ओळंबा आणि कोन मोजायचं जुनं यंत्र पिशवीत घेतो. तुझ्या मोबाइलमध्ये तसलं काहीतरी असतं म्हणे, दोन्ही लावून बघू. गाडी सपाट जमिनीवर, चारी चाकांवर उभी हवी, जॅकवर नको. लोड नसताना पाटे मोकळे होतात आणि मागचा कोन खोटा दिसतो.

तोवर बॅटरी जोडू नकोस.

तुझा,
मामा